निरपराधाला शिक्षा झाली, तर सरकारी वकिलाला जाब विचारता येतो का?

खटाव तालुक्यातील एक गाव आणि तिथला दोन शेजाऱ्यांचा बांधावरून धुमसत असलेला वाद डोळ्यांसमोर आणावा. प्रसंग कल्पित आहे, मात्र त्यातील प्रत्येक कागद साताऱ्याच्या न्यायालयात ये-जा असणाऱ्या कुणालाही ओळखीचा वाटेल. रात्री नऊच्या सुमारास, वीज गेलेली असताना, शेतातून परतणाऱ्या एका माणसाच्या डोक्यावर कोयत्याचा वार होतो. जखमीला सिव्हिलमध्ये आणले जाते. डॉक्टर केसपेपरवर जखमेची लांबी-खोली लिहितात आणि त्याच कागदाच्या वरच्या भागात, रुग्णाने स्वतः सांगितलेली हकीकत म्हणून, एक ओळ नोंदवतात : अंधारात मागून वार झाला, मारणारा दिसला नाही. तिसऱ्या दिवशी पोलिसांपुढे जबाब होतो आणि त्यात शेजाऱ्याचे नाव येते. दोषारोपपत्राला जखमेचे प्रमाणपत्र जोडले जाते, केसपेपर जोडला जात नाही. सत्र न्यायालयात जखमी माणूस शपथेवर शेजाऱ्याकडे बोट दाखवतो, कोयत्यावर मानवी रक्त असल्याचा पण रक्तगट निश्चित होत नसल्याचा अहवाल येतो, आणि शेजाऱ्याला सात वर्षांची सक्तमजुरी होते. चार वर्षे कळंबा कारागृहात काढल्यावर, अपिलात नेमलेला नवा वकील रुग्णालयातून मूळ केसपेपर मागवून घेतो आणि शेजारी निर्दोष सुटतो.

मग जाब कुणाला विचारायचा? जबाब बदलणारा साक्षीदार आहे, केसपेपर बाजूला ठेवणारा तपासी अंमलदार आहे, उलटतपासात त्याविषयी एकही प्रश्न न विचारणारा बचावाचा वकील आहे आणि पुढ्यात आलेल्या पुराव्यावरून निकाल देणारे न्यायाधीश आहेत. न्यायाधीशांना १९८५ च्या न्यायाधीश संरक्षण कायद्याचे कवच आहे आणि ते असावेच, नाहीतर हरलेला प्रत्येक पक्षकार न्यायाधीशावरच दावा लावत बसेल. राहता राहिला सरकारी वकील, आणि त्याच्याविषयी आपल्याकडे फारच कमी बोलले जाते. साताऱ्यात न्यायाचा विषय निघाला की माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव हमखास निघते, परंतु रामशास्त्री न्यायाधीश होते. न्यायाधीशापुढे कागद मांडणाऱ्या, किंवा न मांडणाऱ्या, माणसाची आख्यायिका कुणी सांगत नाही.

सरकारी वकील म्हणजे पोलिसांचा वकील, ही समजूत इतकी पक्की आहे की कोर्टाच्या आवारातही ती ऐकू येते. पूर्वी ती काही अंशी खरी होती. महाराष्ट्रात कनिष्ठ फौजदारी न्यायालयांतील अभियोक्ते पोलीस खात्याच्या नियंत्रणाखाली होते, आणि त्यांना त्यातून मोकळे करून स्वतंत्र विभागाखाली आणण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला १९९५ मध्ये आपल्याच राज्याच्या एका खटल्यात द्यावा लागला. आज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे सहायक सरकारी अभियोक्ता काम पाहतो. तो लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून आलेला पगारी अधिकारी असतो. सत्र न्यायालयात जिल्हा सरकारी वकील आणि त्यांचे सहकारी असतात, ज्यांची नेमणूक किमान सात वर्षे वकिली केलेल्या वकिलांमधून, जिल्हाधिकाऱ्यांनी सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून तयार केलेल्या यादीवरून, शासन करते.

पोलिसांपासून वेगळे करताना तपासाची दोरी मात्र त्याच्या हातात दिलेली नाही. दोषारोपपत्र कुणावर ठेवायचे हे तपासी अंमलदार ठरवतो, आणि त्याने ते दाखल करण्यापूर्वी सरकारी वकिलाचे मत घ्यावे असा आदेश न्यायालयही देऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये स्पष्ट केले. याचा परिणाम टेबलावर दिसतो. सकाळी साडेदहाच्या सुमारास पैरवी हवालदार फायलींचा गठ्ठा आणून ठेवतो. फितीची गाठ सोडून सरकारी वकील फिर्याद, पंचनामा, जखमेचे प्रमाणपत्र आणि रासायनिक विश्लेषकाचा अहवाल चाळतो, व्हरांड्यात ताटकळलेल्या साक्षीदाराला आत बोलावून पोलिसांपुढे काय सांगितले होते याची त्याला आठवण करून देतो, आणि तेवढ्यात आतून पुकारा होतो. जो कागद फायलीतच नाही तो या अर्ध्या तासात त्याला दिसावा कसा? ज्याला कायद्यानेच तपासापासून दूर ठेवले आहे, त्याला तपासातील प्रत्येक लपवाछपवीसाठी पदरचे पैसे भरायला लावणे योग्य होणार नाही.

असे असले तरी आपल्याकडचा सरकारी वकील हा निव्वळ टपालवाला नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांत त्याच्यासाठी वेगळा नियमच आहे : सरकारपक्षातर्फे उभ्या राहणाऱ्या वकिलाने खटला अशा रीतीने चालवावा की निरपराध माणसाला शिक्षा होणार नाही, आणि आरोपीचे निर्दोषत्व सिद्ध करू शकेल अशी सामग्री दडपणे त्याने कटाक्षाने टाळावे. सर्वोच्च न्यायालयानेही १९९९ मध्ये सांगितले की, काहीही करून आरोपीला शिक्षा व्हावी अशी तहान सरकारी वकिलाला असता कामा नये. आरोपीच्या बाजूचा एखादा मुद्दा त्याच्या वकिलाच्या लक्षात आला नाही, तर तो न्यायालयाच्या नजरेस आणणे हे सरकारी वकिलाचेच काम आहे. याचा अर्थ असा की, बचावाच्या वकिलाने फक्त आपल्या अशिलाचा विचार केला तर चालते, पण सरकारी वकिलाला तशी मुभा नाही. त्याचे अशील सरकार आहे, आणि निरपराध माणूस तुरुंगात जाण्यात सरकारचे कसलेही हित नाही.

आता खटावच्या फायलीकडे परत येऊ. केसपेपर न्यायालयापुढे आला नाही, ही गोष्ट चार तऱ्हांनी घडू शकते. कागद फायलीतच नव्हता आणि सरकारी वकिलाला त्याचा पत्ता नव्हता, ही एक. दुसरी अशी की कागद फायलीत होता, पण डॉक्टरांचे अक्षर लावत बसायला वेळ नव्हता आणि ती ओळ नजरेतून सुटली. तिसऱ्या तऱ्हेत ती ओळ त्याने वाचली, तिचा अर्थही त्याला कळला, आणि ‘बचावाच्या वकिलाने विचारले तर बघू’ असे म्हणून त्याने कागद तळाला सारला. चौथी तऱ्हा म्हणजे व्हरांड्यातून आत आलेल्या जखमीला त्यानेच बजावले की डॉक्टरला काय बोललास ते विसर आणि नाव ठामपणे घे. पहिल्या तऱ्हेत सरकारी वकिलाचा दोष नाही. चौथ्या तऱ्हेत तो सरळसरळ गुन्हेगार आहे. खरा वाद मधल्या दोन तऱ्हांचा आहे, आणि माझ्या मते दायित्वाची रेघ नेमकी त्या दोहोंच्या मधून गेली पाहिजे. नजरचूक असेल तर विभागीय कारवाई पुरेशी आहे. समजून उमजून कागद तळाला सारला असेल, तर त्याला व्यक्तिशः जबाबदार धरले जावे.

अमेरिकेने ही रेघ ओढलीच नाही, आणि तिथे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. तिथला डिस्ट्रिक्ट अटर्नी बहुतेक ठिकाणी निवडणूक लढवून येतो, कुणावर कोणता आरोप ठेवायचा हे स्वतः ठरवतो आणि आरोपीशी शिक्षेची तडजोडही करतो. आपल्या सरकारी वकिलापेक्षा त्याचे अधिकार कितीतरी मोठे आहेत. आरोपीला उपयोगी पडेल असा महत्त्वाचा पुरावा त्याच्यापासून दडवणे घटनाबाह्य आहे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये ठरवले. मात्र १९७६ मध्ये, इम्बलर विरुद्ध पॅक्टमन या खटल्यात, त्याच न्यायालयाने म्हटले की खटला चालवताना केलेल्या कोणत्याही कृत्यासाठी अभियोक्त्यावर नुकसानभरपाईचा दावा लावता येणार नाही, मग ते कृत्य दुष्ट हेतूने केलेले का असेना. दाव्यांच्या भीतीने अभियोक्ते बिचकतील आणि त्यांचा वेळ स्वतःचाच बचाव करण्यात जाईल, हे त्यामागचे कारण होते. खरोखर अन्याय झालेल्या माणसाचा दिवाणी मार्ग यामुळे बंद होतो, हेही न्यायालयाने लपवले नाही. फौजदारी कारवाई आणि व्यावसायिक शिस्तभंगाचे दरवाजे उघडे आहेत, एवढेच समाधान त्याने दिले.

त्या उघड्या दरवाजांतून किती उजेड आला, हे दोन खटल्यांवरून दिसते. न्यू ऑर्लिन्समधील जॉन थॉम्पसन याला १९८५ मध्ये आधी दरोड्याच्या प्रयत्नाच्या आणि मग खुनाच्या खटल्यात दोषी ठरवून फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. दरोडेखोराच्या रक्ताचा गट वेगळा असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल अभियोक्त्यांच्या कार्यालयात होता, आणि तो बचाव पक्षाला दिलाच गेला नाही. फाशीची तारीख काही आठवड्यांवर आली असताना, १९९९ मध्ये, एका खासगी शोधकाला तो सापडला. एकंदर अठरा वर्षे तुरुंगात आणि त्यांपैकी चौदा वर्षे फाशीच्या कोठडीत काढून सुटलेल्या या माणसाला ज्यूरीने १ कोटी ४० लाख डॉलर भरपाई दिली, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती रद्द केली. अभियोक्त्यांवर व्यक्तिशः दावा करता येत नाही म्हणून त्यांच्या कार्यालयावर केला होता, आणि कार्यालयाने प्रशिक्षण दिले नाही हे सिद्ध करायला एक खटला पुरत नाही, असे बहुमताचे म्हणणे पडले. दुसरा खटला टेक्ससमधील मायकेल मॉर्टन यांचा. पत्नीच्या खुनाबद्दल १९८७ मध्ये जन्मठेप झालेले मॉर्टन जवळजवळ पंचवीस वर्षांनी, २०११ मध्ये, डीएनए चाचणीमुळे सुटले. ‘हे बाबांनी केले नाही’ अशा अर्थाचे त्यांच्या लहान मुलाचे बोलणे पोलिसांच्या कागदांत नोंदलेले होते, पण ते बचावापर्यंत पोहोचले नव्हते. तो खटला चालवणारे केन अँडरसन पुढे न्यायाधीश झाले होते. २०१३ मध्ये त्यांना दहा दिवसांची कैद झाली, दंड पाचशे डॉलर झाला, आणि त्यांनी वकिलीची सनद परत केली. पंचवीस वर्षांच्या तुलनेत दहा दिवस हा हिशेब कुणालाही टोचेल. टेक्ससने त्याच वर्षी केलेला कायदा मात्र मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने अभियोक्त्याची फाइल आरोपीसाठी उघडली आणि कोणते कागद दिले याची नोंद ठेवणे बंधनकारक केले.

कॅनडाने मधला रस्ता धरला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये अभियोक्त्याचे सरसकट संरक्षण नाकारले, पण दुष्ट हेतू सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावर ठेवला.

आपल्याकडे सरकारी वकिलाला असे सरसकट संरक्षण देणारा कायदा नाही. कागदावर तर कायदा फार कडक आहे. ज्या गुन्ह्याला जन्मठेप किंवा सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षा आहे, त्यात एखाद्याला दोषी ठरवले जावे म्हणून खोटा पुरावा रचणाऱ्याला त्या गुन्ह्याइतकीच शिक्षा होऊ शकते, असे भारतीय न्याय संहितेचे कलम २३१ सांगते, आणि फाशीच्या गुन्ह्यांसाठी त्याच्या आधीचे कलम त्याहून कठोर आहे. पण ही कलमे पुरावा रचणाऱ्यासाठी आहेत. असलेला कागद न दाखवता गप्प राहणे त्यांत सरळ बसत नाही, म्हणजे आपली तिसरी तऱ्हा निसटतेच. शिवाय न्यायालयातील खोट्या पुराव्याची तक्रार स्वतः न्यायालयाने करावी लागते. लोकसेवकाने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल खटला भरायचा, तर शासनाची पूर्वमंजुरी लागते. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याने, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेने, त्या मंजुरीला १२० दिवसांची मर्यादा घातली आहे आणि तेवढ्यात निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असे धरले जाते, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. दिवाणी न्यायालयात द्वेषमूलक खटल्याबद्दल भरपाईचा दावा करता येतो. तो सुटकेपासून एका वर्षात करावा लागतो, आणि खटला वाजवी कारणाशिवाय व दुष्ट हेतूने चालवला हे सुटलेल्या माणसानेच सिद्ध करायचे असते. त्यातही सरकारी वकील म्हणणार की खटला मी सुरू केलाच नव्हता, फाइल माझ्याकडे तयार होऊन आली.

समजा ही सगळी कुलुपे काढली आणि सुटलेल्या प्रत्येक आरोपीला सरकारी वकिलावर दावा करण्याची मोकळीक दिली. दावा कोण करेल? सातारा-सांगली भागात फौजदारी खटले जवळून पाहिलेल्या माणसाला उत्तर लगेच सुचेल. वाळूच्या ठेक्यात आणि जमिनीच्या व्यवहारांत पैसा केलेला आरोपी सुटल्याच्या दुसऱ्या आठवड्यात दावा दाखल करेल, किंबहुना खटला चालू असतानाच तशी नोटीस पाठवेल. माळावर पाल ठोकून राहणारा, संशयावरून उचलला गेलेला आणि पाच वर्षांनी सुटलेला पारधी कुटुंबातील माणूस मात्र वकिलाची फी आणि कोर्ट फी कुठून आणणार? १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झाल्याने आपल्या जिल्ह्यांची अपिले जवळ आली हे खरे, परंतु भरपाईचा दावा ही पुन्हा पहिल्या पायरीपासूनची चढण आहे. सरसकट वैयक्तिक दायित्वाने गरिबाच्या हाती काही पडणार नाही, आणि धनवान आरोपीविरुद्ध उभे राहायला सरकारी वकील दहादा विचार करेल. अमेरिकी न्यायालयाच्या भीतीतला एवढा भाग मला पटतो.

महाराष्ट्रातच घडलेले एक प्रकरण या मुद्द्यासाठी वाचावे असे आहे. २००३ मध्ये झालेल्या खून, बलात्कार व दरोड्याच्या गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा गरीब माणसांना दोषी ठरवण्यात आले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार महिलेने पोलिसांच्या छायाचित्रांच्या अल्बममधून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते. त्यांचा तपास झाला नाही, आणि ही गोष्ट दडपली गेली. सोळा वर्षे तुरुंगात गेली, आणि त्या सहांतील एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. न्यायालयाने राज्य शासनाला प्रत्येकी पाच लाख रुपये देण्यास आणि दोषी तपास अधिकाऱ्यांचा शोध घेऊन त्यांच्यावर कारवाई करण्यास सांगितले. पाच लाखांना सोळा वर्षांनी भागले, तर दिवसाला शंभर रुपयेही पडत नाहीत.

कारवाईचा रोख इथे तपास अधिकाऱ्यांवर होता. अभियोक्त्यांच्या जबाबदारीचा विषय सर्वोच्च न्यायालयाने त्याआधी, जानेवारी २०१४ मध्ये, गुजरातच्या एका खटल्यात घेतला होता. प्रत्येक निर्दोष सुटकेनंतर ती का झाली हे राज्यांनी तपासावे, चूक तपासाची की खटला चालवणाऱ्याची हे ठरवावे आणि दोषी अधिकाऱ्यावर विभागीय कारवाई करावी, असा तो आदेश आहे. सुटलेला माणूस निरपराध असेल तर त्याच्यावर खटला भरणे हीच चूक होती, हेही त्या निकालात स्पष्ट म्हटले आहे. परंतु चौकशीची घंटा वाजते ती खटला हरल्यावर. चुकीची शिक्षा लागते तेव्हा खटला जिंकलेला असतो, दोषसिद्धीचे प्रमाण वाढलेले असते, आणि केसपेपर तळाला सारणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. नव्या संहितेने सरकारी वकिलांच्या कामावर देखरेख करणाऱ्या अभियोग संचालनालयाला जी कामे नेमून दिली, त्यांत खटल्यांवर देखरेख, ते वेगाने चालवणे आणि अपिलाबाबत मत देणे ही आहेत. आरोपीच्या बाजूचा पुरावा उघड झाला की नाही हे पाहण्याचे काम त्यांत वेगळे सांगितलेले नाही.

भरपाईसाठी विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात एक आराखडा दिला. आयोगाने चुकीची शिक्षा हा निकष न घेता चुकीचा खटला हा निकष घेतला, आणि ते शहाणपणाचे आहे. आपल्या तुरुंगांतील सुमारे तीन चतुर्थांश माणसे कच्चे कैदी आहेत, आणि अनेकांची वर्षे शिक्षा होण्याआधीच जातात. भरपाई शासनाने द्यावी, त्यासाठी विशेष न्यायालये असावीत, आणि गैरवर्तन सिद्ध झालेल्या अधिकाऱ्याकडून ती रक्कम शासनाला वसूल करता यावी, असे आयोग म्हणतो. खटावच्या शेजाऱ्यासारख्या माणसाला सरकारी वकिलाच्या मागे धावावे लागणार नाही, हा याचा मोठा फायदा. अहवाल आला, कायदा मात्र अजून झालेला नाही. तोवर भरपाई मिळते ती उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या विशेष अधिकारातून, म्हणजे ज्याचे प्रकरण तिथवर पोहोचले त्यालाच. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना कधी शिक्षा झाली नव्हती, तरी १९९४ च्या अटकेबद्दल पन्नास लाख रुपये मिळायला २०१८ साल उजाडले.

वसुली करायची तर कुणी काय लपवले हे सिद्ध व्हायला हवे, आणि सगळे अडते ते इथेच. दुसऱ्या आणि तिसऱ्या तऱ्हेत फरक आहे तो फक्त सरकारी वकिलाच्या मनात काय होते याचा, आणि मनातले सिद्ध करणे जवळपास अशक्य असते. कागदावरची सही मात्र सिद्ध करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फौजदारी कामकाजाचे आदर्श नियम मंजूर केले आणि सहा महिन्यांत ते स्वीकारण्याच्या दिशेने पावले उचलण्यास सर्व उच्च न्यायालयांना सांगितले. त्यांत एक तरतूद अशी आहे की, आरोपीला दोषारोपपत्राच्या नकला देताना, तपासात ताब्यात घेतलेल्या पण ज्यांच्यावर सरकारपक्ष विसंबून नाही अशा जबाबांची, कागदांची आणि वस्तूंची यादीही द्यावी. २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील एका फाशीच्या खटल्यात न्यायालयाने पुन्हा बजावले की ही यादी देणे हा निष्पक्ष खटल्याचा भाग आहे. माझी सूचना एवढीच की, या यादीवर तपासी अंमलदाराच्या सहीखाली सरकारी वकिलानेही सही करावी आणि ‘मूळ फाइल व केस डायरी मी पाहिली, याखेरीज आरोपीच्या उपयोगाचा कागद माझ्या नजरेस आलेला नाही’ असे एक वाक्य लिहावे. साक्षीपुराव्यापूर्वी अर्ध्या दिवसाचे काम आहे. बचावाच्या वकिलानेही नकला मिळताच या यादीसाठी लेखी अर्ज द्यावा, म्हणजे अर्जाची आणि त्यावरील उत्तराची नोंद रोजनाम्यात राहते.

खटावच्या फायलीत अशी यादी असती, तर त्या केसपेपरची नोंद तीत कुठेतरी आली असती आणि जखमीच्या उलटतपासात पहिला प्रश्न त्यावरच पडला असता. नोंद नसतीच, तर अपिलात यादीखालच्या दोन सह्या दाखवून विचारता आले असते की सिव्हिलमधून कागद ताब्यात घेतल्याची तारीख कोणती आणि ही सही त्या तारखेच्या आधीची की नंतरची.